दोन साडूंची एक निविदा

"कुणाला काही शंका?" मुख्याधिकारी बाईंनी विचारलं, आणि नगरपालिकेच्या सभागृहात दोनच हात वर गेले. एक माझा, दुसरा माझ्या साडूचा. एकमेकांचे हात दिसताच आम्ही दोघांनीही ते खाली घेतले.

"बोला ना," बाई म्हणाल्या.

"त्यांना विचारू दे," मी म्हणालो.

"नको, त्यांनाच घाई दिसतेय," विश्वंभरराव म्हणाले. हे ते मला नव्हे, बाईंना सांगत होते. आम्हा दोघांत जे काही बोलणं व्हायचं ते असं, तिसऱ्या माणसाकडे बघून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शिरढवळच्या नगरपालिकेनं सफाई कामगारांच्या जुन्या वसाहतीची दुरुस्ती काढली होती. आठवडी बाजारामागे तीन तिमजली इमारती. छताचे पोपडे निघून आतली सळई दिसायची, आणि वरच्या घरात कुणी अंघोळ केली की खालच्या घराला बातमी लागायची. छतं नीट करायची, मोऱ्या आणि संडास नवे बांधायचे, नळ आणि सांडपाण्याचे पाइप बदलायचे, आणि हे सगळं माणसं घरात राहत असताना. असं काम तालुक्यात पूर्वी कधी निघालं नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसं इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या रांगेत लॅपटॉप उघडून बसली होती. आम्ही गावातले ठेकेदार शेवटच्या रांगेत, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे.

शेवटी मीच उभा राहिलो. "मॅडम, निविदेतली उलाढालीची अट बघितली. आमच्यासारख्या लहान ठेकेदारानं यात शिरायचं कुठून?"

"माझीही तीच शंका होती," विश्वंभरराव खिडकीला उद्देशून म्हणाले.

बाई बदलून नव्याच आलेल्या होत्या. त्यांनी शांतपणे निविदेचं एक पान उलटलं. "अट बदलणार नाही. पण दोन फर्म एकत्र येऊन संयुक्त निविदा भरू शकतात. दोघांची उलाढाल आणि अनुभव एकत्र धरला जातो. एक बांधकामवाला आणि एक नळकामवाला अशी जोडी असेल तर चांगलंच. दुसरं असं, की प्रत्येक निविदाधारकानं वसाहतीत जाऊन रहिवाशांना आपलं काम समजावून सांगायचं. त्यांच्या समितीचे गुण निकालात धरले जातील."

मी बांधकामवाला. विश्वंभरराव नळकामवाले. शेवटची सबंध रांग माना वळवून आमच्याकडे बघायला लागली.

बाईंच्याही ते लक्षात आलं. "तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता का?"

"तोंडओळख आहे," विश्वंभरराव म्हणाले.

मागची रांग हसली. बाईंना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

हसण्यासारखं होतं ते असं. माझी बायको निर्मला आणि त्यांची बायको शकुंतला, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, या सख्ख्या बहिणी. दोन्ही जावई धंद्यातले म्हणून सासऱ्यांनी आपल्या घरची न्हाणी बांधायचं काम कौतुकानं आम्हा दोघांवर सोपवलं. फरशी मी बसवली, पाइप त्यांनी टाकले. पुढं सासऱ्यांच्या साठीशांतीला घर पाहुण्यांनी भरलं, सकाळपासून अंघोळी सुरू झाल्या आणि ऐन संकल्पाच्या वेळी गुरुजींचा पाट ओला झाला. गुरुजी धोतर सावरत उठले. मी म्हणालो, पाइपचा सांधा सुटलाय. विश्वंभरराव म्हणाले, फरशीचा उतार उलटा आहे. दोघंही साठ पाहुण्यांसमोर म्हणालो, आणि ज्या आवाजात म्हणालो त्याची चर्चा सासरवाडीत अजून निघते. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. सासऱ्यांनी तिसराच माणूस बोलावून न्हाणी दुरुस्त करून घेतली. दोष नेमका कुणाचा होता ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

बैठकीतून घरी पोचलो तर निर्मला दारातच उभी होती. "दाजींची आणि तुमची तोंडओळख आहे म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"आक्काचा फोन आला होता. रविवारी दोघं जेवायला येतायत."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारलं असतं तर आले असते का?"

खरं सांगायचं तर नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती. त्या वर्षी माझ्याकडे कंपाउंडच्या भिंती आणि एका देवळाचा गिलावा एवढंच काम उरलं होतं. माझे दोन कसबी गवंडी पुण्याला जायच्या गोष्टी करत होते. त्यातला शिवाप्पा तर माझ्या लग्नाआधीपासून माझ्याकडे होता. विश्वंभररावांची अवस्था निराळी नव्हती. पाइपांच्या दुकानात त्यांनी बादल्या आणि प्लास्टिकचे मग विकायला ठेवलेत, हे मला आडून आडून कळलं होतं, आणि ऐकून जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नव्हता.

रविवारी ते आले. नवा शर्ट घालून आले होते, म्हणजे आक्कानं घालायला लावला होता. जेवताना बोलणी झाली, ती बायकांमार्फत.

"निर्मला, तुझ्या यजमानांना विचार, मजुरांचा विमा कोण काढणार?"

"आक्का, त्यांना सांगा, ज्याचे मजूर त्यानं काढावा."

"निर्मला, त्यांना म्हणावं, बरोबर आहे."

विश्वंभररावांनी माझं म्हणणं बरोबर आहे असं सांगायची ही पहिलीच वेळ. मी पोळीचा घास हातात धरून क्षणभर थांबलो. निर्मलानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तेव्हा तोंडात घातला.

गाडी अडली ती फर्मच्या नावावर. मी सोनटक्के, ते कोळेकर; मग सोनटक्के-कोळेकर की कोळेकर-सोनटक्के? ते म्हणाले, बाराखडीत क आधी येतो. मी म्हणालो, इमारत आधी उभी राहते, नळ मागून येतात. ते म्हणाले, पाण्यावाचून इमारत उभी करून दाखवा. शेवटी आक्का वैतागली. "तुमची दोघांची नावंच नकोत. भगिनी कन्स्ट्रक्शन ठेवा."

"लोकांना वाटेल पापडाचा कारखाना आहे," विश्वंभरराव म्हणाले.

हे ते थेट माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मला हसू आलं. मग दुसरं नाव कुणी काढलंच नाही.

कागदपत्रं निर्मलानं जमवली. ती पतसंस्थेत नोकरीला असल्यानं तिला दाखले, प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन भरणा या गोष्टींची भीती नव्हती. दर लावताना आम्ही दोघांनी निम्मं शहाणपण आणि निम्मी जिद्द वापरली. आणि मग तो वसाहतीत जायचा दिवस आला.

त्या दिवशी माझी मोटारसायकल गॅरेजला होती, म्हणून मी विश्वंभररावांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. वाटेत ते म्हणाले, "हे बघा, तिथं शहाण्यासारखं वागायचं. तुम्ही बांधकामाचं सांगा, मी नळाचं सांगतो. एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही."

"मी कशाला शिरतोय?"

"सांगून ठेवलेलं बरं."

वसाहतीच्या मधल्या चौकात सतरंजी घातली होती. समितीच्या प्रमुख गोदावरी आवळे, म्हणजे गोदाबाई. बाजाराची झाडलोट त्यांच्याकडे होती. पहाटेचं काम उरकून, अंघोळ करून, ठसठशीत कुंकवाच्या जागी हिरवं गोंदण घेऊन त्या खुर्चीवर बसल्या होत्या. आदल्याच दिवशी पुण्याची कंपनी येऊन गेली होती. त्यांनी भिंतीवर पडदा लावून रंगीत इमारतींची चित्रं दाखवली, त्यात झाडं होती, बाकं होती, आणि बाकांवर कुणीतरी गोरी माणसं बसलेली होती. शिवाय सगळ्यांना समोसे दिले. आमच्याकडे पडदा नव्हता. आक्कानं डब्यात चिवडा दिला होता, पण तो काढावा की नाही हे आमचं ठरेना.

मी छतांचं सांगितलं. विश्वंभररावांनी पाइपांचं सांगितलं. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात गोदाबाई म्हणाल्या, "एक सांगा. वरच्या मोरीचं पाणी माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर गळतंय. दोष कशाचा?"

"पाइपचा," मी म्हणालो.

"उताराचा," विश्वंभरराव म्हणाले.

दोघं एकदमच म्हणालो.

"न बघता कसं सांगता?" मी विचारलं.

"तुम्ही तरी कुठं बघितलंय?"

"मग चला बघायला."

"चला."

आम्ही उठलो ते थेट वरच्या मजल्यावर. तिथं सुभद्रा कांबळे म्हणून एक तरुण बाई राहायची. तिनं मोरीतली भांडी बाजूला केली आणि आम्ही पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून आत शिरलो. मी बादली ओतली. पाणी जाळीकडे जायचं ते कोपऱ्यात जाऊन बसलं. "बघा, उतार," विश्वंभरराव म्हणाले. "जाळीचं पाणी कुठं जातंय ते आधी बघा," मी म्हणालो आणि दुसरी बादली थेट जाळीत ओतली. खालच्या स्वयंपाकघरातून गोदाबाईंचा आवाज आला, "आता तर धारच लागलीया." मी म्हणालो, "बघा, सांधा."

मग मात्र आमचा तोल गेला. मोरीतून आम्ही सासऱ्यांच्या न्हाणीवर गेलो, तिथून गुरुजींच्या पाटावर आणि पाटावरून एकमेकांच्या कारागिरांवर. जिन्यात माणसं गोळा झाली. मी म्हणालो, ही इमारत तीन महिने रिकामी केल्याशिवाय काम नीट व्हायचं नाही. विश्वंभरराव म्हणाले, माणसांना काय तुमच्या अंगणात ठेवणार? वरपासून खालपर्यंत मोऱ्यांची एकेक उभी रांग घ्या आणि संपवा. मी म्हणालो, तोवर त्या रांगेतली माणसं अंघोळीला कुठं जातील? सुभद्रा म्हणाली, शेजारच्या घरात जातील, आत्ता नळ गेला की जातोच की. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माझ्या घरी कुणी नको, माझी सून बाळंत हाय. मग त्यांच्या रांगेला शेवटी घ्यायचं असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. सगळेच एकदम बोलत होते.

खाली उतरलो तेव्हा दोघंही कमरेपर्यंत भिजलो होतो. गोदाबाई परत खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," आम्ही म्हणालो. चिवड्याचा डबा तसाच पिशवीत राहिला.

परतताना स्कूटरवर, घर जवळ आल्यावर, विश्वंभरराव पुढं बघतच म्हणाले, "आक्काला सांगू नका."

"तुम्ही निर्मलाला सांगू नका."

आम्ही पोचायच्या आत दोघींना कळलेलं होतं. त्या रात्री मला वाढलेलं जेवण गार होतं. माझ्या साडूंना वाढलेलं तर उपवासाचं होतं, असं पुढं समजलं.

निकालाच्या दिवशी गेलो ते केवळ न जाणं वाईट दिसेल म्हणून. शिवाप्पाला मी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, की पुण्याला जायचं असेल तर आता मी अडवणार नाही. बाईंनी गुण वाचून दाखवले. दर पुण्याच्या कंपनीचा थोडा कमी होता. कामाच्या पद्धतीत आम्ही जवळपास बरोबरीला होतो. मग समितीचे गुण वाचले, आणि विश्वंभररावांनी माझा दंड धरला. काम भगिनी कन्स्ट्रक्शनला मिळालं होतं. पापडाचा कारखाना जिंकला होता.

बाहेरच्या व्हरांड्यात गोदाबाई भेटल्या. मला राहवलं नाही. "मावशी, आम्ही तर तुमच्यासमोर तमाशा केला होता. तरी गुण दिलेत?"

"तमाशाच केलासा," त्या म्हणाल्या. "ते पुण्याचे लई गोड बोलले. मी म्हटलं, पाणी गळतंय. म्हणाले, होऊन जाईल मावशी. म्हटलं, छत पडतंय. होऊन जाईल. मग मी मुद्दाम म्हटलं, माझे मालक वारून लई वर्सं झाली. त्यावर बी म्हणाले, होऊन जाईल."

विश्वंभरराव हसायला लागले. गोदाबाई हसल्या नाहीत.

"आमच्याकडं आजवर जो आला तो गोडच बोलत आला. आन एकदा गेला की पुन्यांदा दिसला न्हाई. तुमी आमच्या मोरीत उतरून भांडलासा. आमी बसलो, ठरिवलं. ह्या दोघांतल्या एकानं काय चुकवलं तर दुसरा झाकायचा न्हाई. आमाला येगळा राखणदार कशाला पायजे?"

"म्हणजे आम्ही भांडतच राहायचं का?" विश्वंभररावांनी विचारलं.

"काम पुरं हुईस्तवर तरी," गोदाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून जिना उतरल्या.

आम्ही ते व्रतासारखं पाळलं. मोऱ्यांची एक रांग उघडायची, संपवायची, पाणी सोडून बघायचं, मगच पुढच्या रांगेला हात लावायचा. माझ्या एका गवंड्यानं गिलाव्यात वाळू जास्त मारली, ती विश्वंभररावांनी नखानं खरवडून दाखवली आणि सबंध भिंत पाडायला लावली. त्यांच्या फिटरनं एक पाइप वाकवून बसवला, तो मी भर चौकात मोजपट्टी लावून दाखवला. एखाद्या दिवशी शांतता असली की गोदाबाई गॅलरीतून हाक मारायच्या, "काय वं, आज आवाज न्हाई? काय झाकताय?" शिवाप्पा पुण्याला गेला नाही. सुभद्राच्या घरी त्याला दुपारचा चहा ठरलेला होता.

पण माणूस रोज भांडून भांडून किती भांडणार? दुसरी इमारत संपता संपता माझ्या लक्षात आलं, की विश्वंभररावांना चहात साखर चालत नाही हे मला ठाऊक झालंय, आणि माझ्या गुडघ्याची कळ त्यांना. चौकात आवाज चढायचे, पण त्यात पूर्वीचा जोर उरला नव्हता. गोदाबाईंना हे कळत असावं. त्या नुसत्या बघायच्या.

दुसऱ्या इमारतीतल्या लोकांना नव्या मोऱ्या वापरायला दिल्या, त्यानंतरच्या रविवारी सकाळी माझ्या दाराची कडी वाजली. उघडून बघतो तर विश्वंभरराव. एकटेच. आक्का नाही, स्कूटरही लांब रस्त्यावर लावलेली.

"बसत नाही," ते म्हणाले. "एक सांगायचंय. गोदाबाईंच्या बाजूच्या रांगेत, मधल्या मजल्यावर, पाइपचा एक सांधा पाण्याचा दाब देऊन तपासायचा राहिलाय. त्या दिवशी फिटरच्या घरून निरोप आला, तो पळाला, आणि मी सांधा बुजवून टाकला. तुमच्या माणसांनी वर फरशी बसवली."

"गळतोय?"

"नाही. कदाचित गळणारही नाही."

"कुणी काही म्हणालं?"

"कुणाला माहीतच नाही."

ती फरशी शिवाप्पानं बसवली होती. अख्ख्या वसाहतीत तिच्यासारखी दुसरी नव्हती. एकेक सांध्याची रेघ दोरीत होती.

"माझ्या डोक्यातून जात नाही," विश्वंभरराव म्हणाले. "तुमची फरशी फोडावी लागेल. चूक माझी आहे."

ते माझ्या उंबऱ्याबाहेर उभे होते आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला थांबलो होतो. ऐकल्यावर काय बोलायचं याची तयारीही केलेली होती, एक नव्हे, पाच-सहा प्रकारांनी. निर्मलासमोर, साडेतीन तासांच्या एसटी प्रवासात, अंघोळ करताना. त्यातलं एकही मला आठवेना.

"फोन केला असता तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"फोन निर्मलानं उचलला असता. मग ती तुम्हाला सांगणार. हे मीच सांगायला हवं होतं."

"चहा घेऊन निघू," मी म्हणालो. "बिनसाखरेचा."

वसाहतीत पोचलो तेव्हा मोरीत कुणी नव्हतं. घरातल्या बाईंना म्हणालो, तासाभराचं काम आहे. शिवाप्पाला बोलावलं नाही. छिन्नी मीच लावली. पहिली फरशी निघताना तुटली, दुसरी सबंध निघाली. विश्वंभरराव गुडघ्यांवर बसून हातानं सिमेंट उकरत होते. सांधा उघडा पडल्यावर त्यांनी वरचं पाणी सोडलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. बराच वेळ बसलो. त्यांनी सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळला, परत सोडवला. कागद जसाच्या तसा कोरडा होता. सांधा ठणठणीत होता.

विश्वंभररावांनी कपाळ मनगटानं पुसलं. तुटलेल्या फरशीचे दोन तुकडे त्यांनी जुळवून पाहिले, जसे काही ते जुळणारच होते.

"वाया गेली तुमची फरशी," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातले तुकडे घेऊन बाजूला ठेवले आणि घमेल्यात सिमेंट काढलं.

"वाया कशी?" मी म्हणालो. "पाणी आणा."